खिडकीपाशी वाढलेलं ताट

१

हेमचंद्रला व्हिस्की प्यायला आवडायची, पण त्याहून जास्त ती होताना बघायला आवडायची. स्नेहलताला या दोन्हींत काडीचा रस नव्हता. तरी ऑक्टोबरातली सुट्टी समुद्राकाठची गावं आणि डिस्टिलऱ्या बघण्यात घालवायची असं त्यानं ठरवलं, तेव्हा तिनं एका शब्दानं मोडता घातला नाही. त्याच्याबरोबर जायचं होतं, बस. कुठे जायचं हा प्रश्न तिच्या लेखी दुय्यम होता.

त्याला कारणही तसंच होतं. पुण्याच्या कंपनीनं हेमचंद्रला ओसाकाला धाडलं ते वर्षभरासाठी म्हणून, आणि त्या वर्षाची बघता बघता पाच वर्षं झाली. तो सगळा काळ स्नेहलतानं सांगलीत काढला. शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचं, सासूबाईंचं पथ्यपाणी बघायचं, अनघाचा अभ्यास घ्यायचा आणि रविवारी फोनपाशी बसून राहायचं. दिवाळीला तो यायचा आणि भाऊबीज होते न होते तोच बॅग भरायला घ्यायचा. पुढे सासूबाई गेल्या, अनघा कॉलेजसाठी पुण्याला हॉस्टेलवर गेली, आणि स्नेहलतानं कुणालाही न विचारता राजीनामा देऊन टाकला. ओसाकाच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या तिनं नवऱ्याला बजावलं, की तुम्ही एकीकडे आणि मी एकीकडे हा प्रकार या जन्मात पुन्हा व्हायचा नाही. हेमचंद्र हसला. ती मात्र अजिबात हसत नव्हती.

ही गोष्ट शहाण्णव सालची. जपानी लोकांचं व्हिस्कीवरून मन उडालं होतं आणि डिस्टिलऱ्या कशाबशा तग धरून होत्या. आकाशी गावाच्या पुढे, किनाऱ्यालगतच्या पहिल्या डिस्टिलरीत तांब्याची मोठी भांडी गार पडली होती. तिथला माणूस पाहुणे आले याच आनंदात होता. हेमचंद्र हीट एक्स्चेंजरचा इंजिनियर. वाफ कुठे गार होते, थेंब कुठून पडतात, यावर तो त्या माणसाशी तासभर बोलत बसला. मग पेल्यात नाक खुपसून डोळे मिटले आणि म्हणाला, ओल्या गवताचा वास येतोय, मागे किंचित जायफळ. त्याच्या नाकाला ऑफिसातले जपानीही मानत. स्नेहलता बाहेरच्या बाकावर उन्हात बसून मेतकूट-भात खात होती. जपानात शाकाहारी माणसानं प्रवास करायचा म्हणजे पोटाचा बंदोबस्त स्वतःच करावा लागतो, म्हणून तिच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं कायम असे. कितीतरी वर्षांनी तिला मनापासून बरं वाटत होतं.

२

दुसऱ्या दिवशी ते ओतोजिमा नावाच्या छोट्याशा बेटावर पोचले. तिथे एक डिस्टिलरी होती, संत्र्यांच्या बागा होत्या आणि राहायला एकच घरगुती मुक्काम होता. तो चालवायच्या तोमिए-सान, सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या एक बाई. हेमचंद्रनं नेहमीची टेप लावली: बायको मांस खात नाही, मासे खात नाही, अंडंही नाही. तोमिए-सान प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. जपानात मान डोलवली म्हणजे कळलंच असं नव्हे, हे स्नेहलताला एव्हाना ठाऊक झालं होतं.

संध्याकाळी जेवायला बोलावणं आलं. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत बुटक्या टेबलावर दोन ताटं होती आणि दोन्हींत मासे होते. स्नेहलतानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथे काळ्या लाखेच्या छोट्या चौरंगावर तिसरं ताट वाढलेलं होतं. पांढरा भात, लाल भोपळ्याची शिजवलेली भाजी, घेवडा, मुळ्याचं लोणचं आणि झाकण घातलेला एक वाडगा. समोर बसायची उशी. बसणाऱ्याचं तोंड समुद्राकडे होईल अशी.

तिला भरून आलं. सासूबाई सोवळ्यात असल्या की त्यांचं ताट असंच बाजूला, खिडकीकडे तोंड करून, बाकीच्यांपासून हातभर अंतरावर वाढलेलं असायचं. ताट वेगळं वाढण्यात दुजाभाव नसतो, उलट मान असतो, हे तिला लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं होतं. या परक्या म्हातारीनं तिचं न खाणं इतकं मनावर घ्यावं, माशांचा वाराही लागू नये म्हणून ताट बाजूला मांडावं, याचं तिला अपार कौतुक वाटलं. हेमचंद्रनं दोन्ही ताटांतल्या माशांचा समाचार घ्यायचं आनंदानं कबूल केलं. ती उशीवर जाऊन बसली. वाडग्याचं झाकण उचललं तर आतल्या बाजूनं इतकं पाणी सुटलेलं, की तिच्या मनगटावर ओघळ आला. पानात काही टाकायचं नाही हे संस्कार. तिनं शेवटचं शीतदेखील ठेवलं नाही.

तोमिए-सान चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हळूहळू चालत चौरंगापाशी आल्या, गुडघे टेकले, झाकण उचलून आतून पाहिलं आणि कमरेला खोचलेल्या पंच्यानं पुसलं. मग स्नेहलतासमोर कपाळ तातामीला लागेपर्यंत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. हेमचंद्रशी त्या दोन वाक्यं बोलल्या, रिकामा चौरंग उचलला आणि निघून गेल्या.

“काय म्हणाल्या?” स्नेहलतानं विचारलं.

हेमचंद्रला हसू आवरत नव्हतं. त्याच्या ऑफिसातला एक जुना माणूस सांगायचा, की घरचा माणूस दूर गेला की बायका त्याच्या नावानं रोज ताट वाढतात, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही. झाकणाला आतून पाणी सुटलं की माणूस खुशाल. तोमिए-सानचा नवरा तरुणपणीच बोटीवर गेला होता, तो अजून यायचा होता.

“म्हणजे तू दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याचं जेवलीस,” तो म्हणाला. “त्या म्हणत होत्या, माझे हात थकले होते. आता तुम्ही आलात, बरं झालं.”

स्नेहलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माफी मागायला स्वयंपाकघरात गेली. तोमिए-सान चौरंग कोरडा करत होत्या आणि पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

३

सकाळी डिस्टिलरीच्या दारात पाहुण्यांसाठी सपाता मांडलेल्या होत्या. तिथले ओकाबे-सान मोठे नीटनेटके गृहस्थ होते. हेमचंद्रनं आणि स्नेहलतानं सपाता घातल्या, तरी एक जोड उरला. तो पुरुषाच्या मापाचा होता आणि ओकाबे-सान तो उचलायची घाई करत नव्हते. त्यांनी जरा वाट पाहिली, मग कुणीतरी आत गेल्यासारखं दार लावून घेतलं.

पिंपांच्या कोठारात गारवा होता. ओकाबे-सान सांगत होते, दर वर्षी पिंपातली थोडी दारू लाकडातून हवेत उडून जाते, ती वरच्यांच्या वाट्याची. हे सगळं हेमचंद्रला पाठ होतं. स्नेहलता पिंपांच्या रांगेमधून हळूहळू चालली होती. मागून कुणीतरी खोकलं. घसा साफ करावा तसं, कोरडं, आटोपतं. तिनं वळून पाहिलं तर रांगेत कुणी नव्हतं. लाकूड आवाज करतं, थंडीत आकुंचन पावतं, हा सहावीच्या पुस्तकातला धडा तिनं स्वतःलाच शिकवला.

चव घ्यायला ओकाबे-साननी तीन पेले भरले. ती पीत नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून तिच्यासाठी चहा आला. म्हणजे पेले दोन हवे होते, एक हेमचंद्रला, एक त्यांना. तिसरा त्यांनी स्नेहलताच्या डावीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि खुर्चीकडे बघून मान लववली. हेमचंद्रनं पेल्यात नाक घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग एक घोट घेतला.

“पाणी दिलंय की काय?” तो मराठीत पुटपुटला.

ओकाबे-सान तर स्वतःच्या पेल्यातल्या धुराच्या वासाची तारीफ करत होते. हेमचंद्रनं त्यांच्या बाटलीतूनच पुन्हा मागून घेतली. हुंगली, घोट घेतला आणि खांदे उडवले. सर्दी झाली असेल, म्हणाला. सर्दी झालेली नव्हती. निघताना स्नेहलतानं डावीकडच्या पेल्याकडे पाहिलं. कुणी हात लावलेला नव्हता, तरी व्हिस्की निम्म्यावर आली होती. तिनं ते नवऱ्याला दाखवलं.

“उडून गेली,” तो म्हणाला. “वरच्यांचा वाटा.”

“एवढ्यात?”

तो सपाता काढायला दाराकडे वळला.

४

बेटावरून बोटीनं ते ओनोमिचीला आले. टेकडीवर चढत गेलेलं गाव, खाली चिंचोळा समुद्र, मांजरं उन्हात पसरलेली. एरवी स्नेहलतानं फोटोंचा रोल संपवला असता. पण तिचं सगळं लक्ष हेमचंद्रकडे होतं. सकाळपासून तो खात होता. बोटीवर दोन भाताचे गोळे, धक्क्यावर नूडल्स, स्टेशनबाहेर पाव. आणि दर वेळी तोंड पुसून म्हणायचा, पोटात काही गेल्यासारखं वाटतच नाही. तिला स्वतःला मात्र कालच्या त्या जेवणापासून भूक म्हणून लागली नव्हती.

दुपारी एका खानावळीत शिरले. झाकणाच्या वाडग्यांतून मिसो सूप आलं. स्नेहलतानं आपलं झाकण उचललं, थेंब टपटपले. हेमचंद्रनं आपलं उचललं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

ते कोरडं होतं.

सूप गरम होतं, वाफ चांगली वर येत होती. गरम वाफ गार पृष्ठभागाला लागली की पाणी व्हायलाच हवं. हे तिनं पोरांना इतक्यांदा शिकवलं होतं, की झोपेतही सांगितलं असतं. तिनं ते झाकण घेऊन स्वतःच्या वाडग्यावर ठेवलं, थोडं थांबली, उचललं. ओलं. आता स्वतःचं झाकण त्याच्या वाडग्यावर ठेवलं. उचललं. आतली लाख चकचकीत कोरडी, बोट फिरवलं तर करकर वाजेल इतकी.

“लाखेचं काम छान आहे,” हेमचंद्र म्हणाला. ज्या माणसानं अख्खी नोकरी वाफेचं पाणी करण्यात घातली, त्यानं हे म्हणावं! तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळलं, की तो घाबरलाय आणि तिला कळू नये म्हणून बोलतोय. त्यामुळे ती आणखीच घाबरली.

खानावळीची मालकीण भांडी न्यायला आली. तिची नजर त्या झाकणावर पडली आणि तिथेच राहिली. त्यानंतर तिनं हेमचंद्रकडे एकदाही पाहिलं नाही. त्यानं चहा मागितला, तो तिनं स्नेहलतासमोर आणून ठेवला. त्यानं स्टेशनचा जवळचा रस्ता विचारला, उत्तर स्नेहलताला मिळालं, तेही सावकाश, एखाद्या एकट्या बाईला धीर द्यावा तसं. पुढे बसच्या ड्रायव्हरनं तेच केलं, मुक्कामाच्या जागी कामाला असलेल्या पोरीनंही तेच केलं. त्या पोरीनं खोलीत तीन बिछाने घातले. एक बाजूला, भिंतीलगत. आणि दोन जवळ जवळ, त्यांतला एक स्नेहलताचा. भिंतीलगतच्या बिछान्यावर तिनं हेमचंद्रची बॅग नेऊन ठेवली होती.

स्नेहलतानं ती बॅग उचलून आपल्याजवळ आणली आणि तिसरा बिछाना गुंडाळून दाराबाहेर ठेवला.

५

अनघाला फोन करायचा होता. मुक्कामाच्या रस्त्यावर काचेच्या केबिनमध्ये हिरवा सार्वजनिक फोन होता, त्यात परदेशी बोलायचं कार्ड चालायचं. हॉस्टेलच्या बाईंनी अनघाला बोलावून आणलं. पोरीला परीक्षेची, मेसच्या आमटीची, खोलीतल्या नंदिनीच्या घोरण्याची अशी सगळी रडगाणी सांगायची होती. ती ऐकताना स्नेहलताला जरा हायसं वाटलं. जगात घोरणारी नंदिनी आहे, म्हणजे बाकीचंही सगळं जागेवर असणार.

मग तिनं रिसिव्हर हेमचंद्रला दिला. तो बराच वेळ बोलला. अभ्यासाचं बोलला, थंडीत स्वेटर घाल म्हणाला, डिस्टिलरीतल्या तांब्याच्या भांड्यांचं वर्णन केलं, मध्ये थांबून ऐकलं, पुन्हा बोलला. थांबणं वाढत गेलं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यानं रिसिव्हर परत तिच्या हातात दिला आणि काचेच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

“आई,” अनघा म्हणत होती, “किती वेळ नुसतं धरून ठेवलंयस. बाबांना दे ना.”

स्नेहलतानं रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. लाइन खराब आहे, ती म्हणाली. आवाज कटतोय.

“तुझा येतोय की नीट. आणि मागे खोकतंय कोण? बाबांना बरं नाही का?”

काचेबाहेर हेमचंद्र पाठमोरा उभा होता. तो खोकत नव्हता. खोकला स्नेहलतानंही ऐकला होता, फोनमधून नव्हे, अगदी मानेशी. तिनं पोरीला काहीतरी सांगून फोन ठेवला आणि बाहेर येऊन नवऱ्याचा दंड घट्ट धरला. कोटाच्या आत दंड होता. होता हे नक्की, पण तिला वाटलं होतं त्याहून कमी होता.

“स्नेहल,” तो म्हणाला, “मला खूप भूक लागलीय गं.”

तो रस्त्यात रडला नाही. तीच रडली. मग डोळे पुसून तिनं ठरवलं, की उद्या बेटावर परत जायचं. जे ताट आपलं नव्हतं ते आपण खाल्लं. ते ज्याचं त्याला परत करायचं. तोमिए-सानच्या पाया पडायचं, हवं तर आयुष्यभर धान्य पाठवायचं. असं काही नसतं हे तिला माहीत होतं. पण नसतं म्हणून गप्प बसायला तिच्याकडे जास्तीचा नवरा नव्हता.

६

ओतोजिमाला पहिल्या बोटीनं पोचले. तोमिए-सानच्या घराची लाकडी दारं लावलेली होती. शेजारची बाई संत्री वेचत होती. ती म्हणाली, तोमिए-सान मुलीकडे हिरोशिमाला गेल्या, कायमच्या. किती वर्षं मुलगी ये ये म्हणत होती, पण घर सोडता येत नव्हतं, रोज ताट वाढायचं असायचं. काल एकदम बॅग भरली. नवी चप्पल घालून बोटीत बसल्या. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

तोमिए-साननी पत्ता ठेवलाय का, असं स्नेहलतानं विचारलं. बाईनं नाही म्हणून मान हलवली. मग काहीतरी आठवून ती घरात गेली आणि निळ्या कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. त्या साडीवाल्या बाई परत येतील, त्यांना द्या, असं सांगून गेल्या होत्या म्हणे. स्नेहलता प्रवासात पंजाबी ड्रेस घालायची, पण त्यावर वाद घालायची ही वेळ नव्हती. गाठोड्यात काय आहे ते तिला हाताला लागूनच कळलं. चौरंगाचे चार बुटके पाय, आणि वर एक वाडगा.

ते गाठोडं समुद्रात टाकून द्यावं असं तिला वाटलं. ती धक्क्याच्या टोकापर्यंत गेलीसुद्धा. हेमचंद्र तिथल्या खुंट्यावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, दम लागल्यासारखा. बोटीचा माणूस दोर टाकायला आला. तिथे कुणी बसलेलंच नाही असा तो हेमचंद्रला ओलांडून गेला. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या चौरंगावर वाढलेलं पोचतं. कित्येक वर्षं, कुठच्या कुठे, एका माणसाला पोचत राहिलं. आणि हेमचंद्रच्या पुढ्यात वाढलेलं त्याला पोचत नाही. मग करायचं काय हे उघड होतं.

तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि नवऱ्याला हात देऊन उठवलं.

७

ओसाकाच्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या तिनं कुकर लावला. साधं वरण, भात, लाल भोपळ्याची भाजी, वर तूप. दिवस मावळायला आला होता. हेमचंद्र जेवणाच्या टेबलाशी बसला होता आणि भोपळ्याच्या फोडणीचा वास कसा असतो ते आठवायचा प्रयत्न करत होता. त्याच्यापुढेही तिनं ताट मांडलं होतं, सवयीनं. बाल्कनीच्या काचेपाशी तिनं चौरंग ठेवला, बाहेर तोंड करून. वरण वाडग्यात घातलं आणि झाकण लावलं.

“हे कुणासाठी?” हेमचंद्रनं विचारलं.

“तुमच्यासाठी.”

“अगं, मी इथे बसलोय ना. मग इथेच वाढ.”

इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की क्षणभर ती थांबली. पण त्याची मनगटं टेबलावर होती आणि घड्याळ त्यावरून कोपरापर्यंत सरकत होतं. टेबलावर वाढलेलं सगळं गेले दोन दिवस वाया गेलं होतं. तुम्ही बोलू नका, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलू नका, असं तिनं त्याला विनवलं. मग त्याच्याकडे पाठ करून चौरंगासमोर बसली. तोमिए-सान नाव घेत असतील, असं तिला वाटलं. स्नेहलतानं नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं होतं त्याला वीस वर्षं होत आली होती. त्यानंतर अहो. आज तिनं हात जोडले आणि मोठ्यानं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. आणि म्हणाली, जेवा.

झाकण उचललं. आतून पाणी नुसतं वाहत होतं. मनगटावर, चौरंगावर, तिच्या मांडीवर.

“पोचलं,” ती म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. “अहो, पोचलं. बघा. पोचलं तुम्हाला.”

मागून उत्तर आलं नाही. बोलू नका म्हणून आपणच सांगितलंय, तिला आठवलं. “आता बोला,” ती म्हणाली. “बोला ना.”

खाली रस्त्यावर सायकलीची घंटी वाजली. झाकण अजून तिच्या हातात होतं. ती वळणार होती, पण तेवढ्यात एक विचार आला आणि ती वळली नाही. जो घरात बसलाय त्याला कुणी पोचवत नाही. पोचवायचं असतं ते दूर गेलेल्याला. बाजूचं ताट त्याच्याच नावानं वाढतात, जो या घरात नाही. आणि हे ताट हेमचंद्रच्या नावानं तिनं वाढलं होतं, स्वतःच्या हातानं, तो मागे बसून इथेच वाढ म्हणत असताना.

“हेमचंद्र,” तिनं हाक मारली. ती समोर मारली, बाल्कनीच्या काचेकडे, कारण आता तो कुठल्या बाजूला आहे हे तिला कळलं होतं.

मागे टेबलाची खुर्ची सरकली. कुणीतरी घसा साफ केला, कोरडा, आटोपता. मग ताट ओढून घेतल्याचा आवाज आला आणि जेवण सुरू झालं. घाईघाईनं नव्हे. एखाद्यानं फार दिवसांनी घरी यावं आणि घास तोंडात घोळवत खावा तसं. बाहेर अंधारत होतं, काचेत खोलीतला दिवा उतरला होता. बघायचं नाही असं ठरवूनही तिला काचेत टेबलाची कड दिसली, आणि कडेवर एक हात. उन्हानं रापलेला, बोटीच्या दोरानं घट्टे पडलेला. त्या हातानं रिकामं ताट थोडं पुढे सरकवलं आणि तो थांबून राहिला.

तिला ओरडता आलं असतं. पळून जाता आलं असतं, दार चार पावलांवर होतं. पण चौरंगावरचं वरण गरम होतं, आणि उद्याही कुणीतरी ते गरम वाढायला हवं होतं, परवाही, आणि त्यासाठी या घरात राहावं लागणार होतं. पाच वर्षं फोनपाशी बसायला ती शिकली होती. आधी तिनं हेमचंद्रच्या वाडग्यावर झाकण ठेवलं, ऊब राहावी म्हणून. मग भातवाढी घेतली आणि मान वर न करता टेबलापाशी गेली.